माजघरातलं तरू

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला मागं मोठं परडं होतं म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर त्या जागी धाकट्या दिरांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या. परड्यातलं उरलं होतं काय, तर एक पपई आणि धुणं धुवायचा दगड. पपई पुढं एका वळवात पडली. दगड अजून आहे. त्यामुळं चाळिशी ओलांडल्यावर मला फुलझाडांचा नाद लागला तेव्हा कुंड्या गेल्या गच्चीवर आणि बी रुजवायचं काम आलं माजघरात, कपाट आणि देवघर यांच्यामधल्या साडेतीन फूट जागेत.

"बी घरात कशाला घालायचं? बाळंतीण हाय व्हय ते?" आमच्या आत्ती पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर कागलकडचं, घरची तंबाखूची शेती. त्यांच्या लेखी बी रानात पडतं, वाफ्यात पडतं, फार तर उकिरड्यावर पडून आपल्या मर्जीनं उगवतं. त्याला कपाटाशेजारी निजवायचं म्हणजे नसती थेरं.

कारण तसं साधं होतं. दसऱ्याला घरचा झेंडू हवा होता. झेंडूला बियापासून फुलापर्यंत अडीच महिने तरी लागतात. दसऱ्यापासून मागं मोजत गेलं की माणूस जुलैच्या उत्तरार्धात येऊन पडतो, म्हणजे तरण्या पावसाच्या शेवटाला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा. नावावर जाऊ नये, आमच्याकडं म्हाताऱ्याच्या अंगात तरण्याएवढीच रग असते. त्या दिवसांत गच्चीवर ट्रे ठेवून बघितला. एका सरीत माती ट्रेच्या बाहेर आणि बी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. झेंडूचं बी ओळखायला सोपं, बारीक काळी काडी आणि तिच्या टोकाला पांढरट शेंडी. अशा अकरा काड्या मी पायरीवरून चिमटीनं उचलल्या होत्या.

एका नातेवाइकानं परदेशातून आणलेलं फुलांच्या बियाण्याचं पाकीट माझ्याकडं आहे. त्याच्या पाठीवर लिहिलंय की, तुमच्या भागातलं शेवटचं हिम पडून जाण्याआधी सहा ते आठ आठवडे बी घरात पेरा. वाचून गंमत वाटली. तिकडची माणसं थंडीला भिऊन बी घरात घेतात, आम्ही पावसाला. त्यांना ट्रेखाली ऊब द्यायला विजेची चटई लागते. आमचं माजघर पावसाळ्यात काहीही रुजवतं: भिंतीला ओल, लोणच्याला बुरशी, कपाटातल्या कोल्हापुरी चपलांना हिरवी लव. झेंडूला वीस-पंचवीस अंश पुरतात, ते तिथं फुकट.

तयार रोप का आणत नाही, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. कपिलतीर्थच्या मंडईत जाताना वाटेत हातगाडीवर काळ्या पिशव्यांतली रोपं असतातच. या प्रश्नाला माझ्याकडं धड उत्तर नाही. घरातल्यांनी आता विचारायचं सोडलंय.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते आता आठवलं की हसू येतं. घरात बी रुजताना मी जन्मात एकाच ठिकाणी बघितलं होतं, घटात. घटस्थापनेला आत्ती पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरतात, त्यात शाळू, गहू, भात, हरभरा असं धान्य पेरतात, मधे कलश, वर रोज एक माळ. कधी झेंडूची, कधी शेवंतीची, कधी कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. खोलीत समईशिवाय उजेड नाही. नऊ दिवसांत धान वीतभर होतं, पिवळंधमक. म्हणून मीही तसंच केलं. काळी माती, अंधारा कोपरा, वर ओला रुमाल, रोज भरपूर पाणी. पाचव्या दिवशी झेंडू वर आला. पहिल्यांदा मातीतून एक कमान दिसते. डोकं अजून खाली गुंतलेलं, मान मात्र वर आलेली, जणू कुणी वाकून हरवलेली सुई शोधतंय. मग मान सरळ होते, डोक्यावर बियाची काळी काडी टोपीसारखी अडकलेली असते, ती गळते आणि दोन पानं उघडतात. त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेले.

आठवड्यात रोपं बोटभर झाली. मला वाटलं, काय वाढतायत! दोरा ओवावा अशी बारीक, पांढरट पिवळी, आणि सगळीच्या सगळी दाराकडं वाकलेली. आत्तींनी चष्मा पुसून बघितलं.

"ह्ये घटाचं धान हाय का तरू?"

आमच्याकडं मिरची, कांदा, तंबाखू, कशाचंही लावणीआधीचं रोप म्हणजे तरू. त्यांच्या एका वाक्यात माझी चूक होती. पण ती समजायला मला पुस्तकं उघडावी लागली. अंधारात उगवलेलं रोप उजेड शोधायला निघतं. बियाच्या शिदोरीतली सगळी ताकद ते उंचीवर उधळतं, पानं करत नाही, देठ जाड करत नाही. हिरवा रंग तयार व्हायचा शेवटचा टप्पा उजेडाशिवाय होत नाही, म्हणून आधीपासून असलेला पिवळा तेवढा दिसतो. घटात हेच हवं असतं. धान जितकं लांब आणि पिवळं तितकी देवी प्रसन्न, आणि आत्तींच्या माहेरी कुठलं धान्य जोरात आलंय ते बघून पुढच्या पिकाचा अंदाज बांधायचे. दसऱ्याला तेच पिवळं धान टोपीत, फेट्यात, बायकांच्या अंबाड्यात खोचतात. त्याला कुणी रोगट म्हणत नाही. शाळूच्या कोंभाला नऊ दिवसच काढायचे असतात, त्यावर कणीस कुणी मागत नाही. माझ्या झेंडूला मात्र अडीच महिने काढून फूल द्यायचं होतं.

वाकण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या जातीच्या कोवळ्या कोंभांच्या टोकांवर बारीक टोप्या घालून बघितल्या होत्या. हे १८८० सालचं. टोपी घातलेला कोंभ उजेडाकडं वाकत नव्हता, उघड्या टोकाचा वाकायचा. वाकायची जागा खाली आणि उजेड कळायची जागा वर टोकाला. हे वाचलं आणि मला आत्तींचा घट आठवला. तिथंही गवताच्याच जातीची धान्यं, शाळू, गहू, भात, आणि सगळी दाराकडं झुकलेली. लहानपणी माझी आज्जी सांगायची, धान बाहेर बघतंय, शिलंगणाला कोण निघालंय ते.

दुसऱ्या वर्षी मी ट्रे खिडकीत आणला. रोपं हिरवी आली, ठेंगणी आली, मला आभाळ ठेंगणं. आणि बाराव्या दिवशी सकाळी बघते तर एका कोपऱ्यातली दहा-बारा रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण देठ मातीलगत सुतासारखा झालेला, कुणी चिमटा घेतल्यासारखा. संध्याकाळपर्यंत निम्मा ट्रे. दुसऱ्या दिवशी सगळा. ह्याला मर म्हणतात. मातीतल्या बुरशीचं काम. दाट पेरलेलं, सतत ओलं, हवा खेळत नाही, की तिला आयतंच फावतं. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी दिवसातून तीनदा झारी फिरवत होते, प्रेमानं.

आत्तींनी ट्रेतली माती बोटांत चोळली.

"माती भाजली हुतीस?"

"भाजायची?"

त्यांनी कपाळाला हात लावला. मग जे सांगितलं ते मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नव्हतं. त्यांच्या माहेरी तंबाखूचं तरू टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, वाफ्याच्या जागेवर पाचट, काटक्या, वाळलेलं शेण असं पसरून पेटवून द्यायचे. राब भाजणं. वरच्या अंगाला, राधानगरी-गगनबावड्याकडं, भाताच्या तरव्याची जागाही अशीच भाजतात. त्यानं तणाचं बी मरतं, मातीतली कीड मरते आणि तरू कोलमडत नाही. "भाजल्याबिगर तरू टाकू नये," आत्ती म्हणाल्या, "हे आमच्या गड्याला बी ठावं हुतं."

माजघरात राब कसा भाजायचा? मी जुनी लोखंडी कढई काढली आणि गॅसवर ओलसर माती भाजायला घेतली. तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही. पहिल्या पावसाचा मातीचा वास म्हणून लोक हरखतात ना, तो उकळून आटवला तर काय होईल ते. शाळेतून आलेल्या माझ्या मुलानं दारातूनच विचारलं, "आई, आज काय केलंयस जेवायला?" वरच्या मजल्यावरच्या जावेनं खिडक्या लावून घेतल्या. त्यानंतर मी मातीचा नाद सोडला आणि रोपवाटिकावाल्यांसारखी कोकोपीटवर आले. नारळाच्या काथ्याची ती दाबलेली वीट दिसायला थेट गुळाच्या छोट्या रव्यासारखी, त्याच रंगाची. पाण्यात टाकली की फुगत फुगत बादलीभर होते. आमच्याकडं एका पाहुण्यांनी ती ओट्यावर बघून खडा तोडायला हात घातलाही होता.

पाणी आता खालून देते. ट्रेला भोकं, खाली परात, परातीत बोटभर पाणी. पंधरा मिनिटांत कोकोपीट लागेल तेवढं ओढून घेतं, उरलेलं काढून टाकायचं. वरची कड कोरडी राहते तिथं बुरशीला बसायला जागा मिळत नाही. छोटा पंखा लांबून लावते, रोपं हलतील न हलतील इतपत. वाऱ्यानं हलणारा देठ जाड होतो. हे काही गुपित नाही, पण दोन ट्रे मेल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग पेटुनिया आला.

लक्ष्मीपुरीतल्या एका बियाणांच्या दुकानातून पाकीट आणलं, त्यावर जांभळ्या कर्ण्यांचा मोठा फोटो. घरी येऊन फोडलं तर आत काहीच नाही. पाकीट उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं तेव्हा कोपऱ्यात तपकिरी धुरळा दिसला. तेच बी. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया बसतात. दुकानदारानं फसवलं म्हणून मी पिशवी उचलून पुन्हा निघाले होते. आत्ती दारातच बसल्या होत्या. "काय हाय बघू," म्हणाल्या आणि तर्जनीला थुंकी लावून तो धुरळा टिपला. बोट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उन्हात फिरवलं.

"ही तंबाखू हाय."

"नाही हो आत्ती, पेटुनिया आहे. फूल आहे, इंग्लिश."

"इंग्लिश आसंल. तंबाखूच हाय ही. मी काय आज बघतो व्हय?"

मी हसले आणि आत जाऊन खात्री करायला म्हणून शोधलं. पेटुनिया आणि तंबाखू एकाच कुळातले. वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा सगळे त्याच गोतातले. आणि पेटुनिया हे नावच मुळी दक्षिण अमेरिकेतल्या लोकांच्या तंबाखूसाठीच्या शब्दावरून, 'पेटुन'वरून आलेलं. ज्या बाईनं आयुष्यात पेटुनियाचं फूल बघितलं नव्हतं तिनं नुसत्या धुरळ्यावरून गोत सांगितलं होतं. पुढं रोपं दोन इंचांची झाल्यावर त्यांनी एक पान चोळून माझ्या नाकाशी धरलं. चिकट, बारीक केसाळ, उग्र. कागल-निपाणीच्या रस्त्यानं गेलेल्या कुणालाही तो चिकटपणा ठाऊक असेल.

त्या दिवशी पेरणी त्यांनी केली. मला मदतीला घेतलं. वाटीभर बारीक चाळलेली कोरडी वाळू, त्यात तो धुरळा, बोटांनी बराच वेळ कालवलं. "नुसतं फोकलं तर एका जागी मूठभर पडतंय आन दुसरीकडं टक्कल," म्हणाल्या. मग चिमटी भरून, मनगट सैल सोडून, रांगोळी घालावी तशी वाळू ट्रेवर सोडत गेल्या. त्यांच्या हाताची थरथर सगळ्यांना माहिती आहे, चहाची बशी धरली की खुळखुळते. त्या दहा मिनिटांत ती कुठं गेली होती कुणास ठाऊक. पेरून झाल्यावर मी वरून माती भुरभुरायला गेले तर हातावर चापट बसली.

"तंबाखूवर माती टाकायची नसतीया. दाबायची नुसती."

तळहातानं हलकं थोपटलं आणि झालं. याचंही शास्त्र आहे. पेटुनियाला काय, तंबाखूला काय, उगवायला उजेड लागतो. इतक्या बारक्या बियात शिदोरी नावाला नसते. खोल गाडलेलं बी उगवलंच तर उजेडापर्यंत पोचायच्या आत संपेल, तेव्हा उजेड दिसल्याशिवाय ते उठतच नाही. उलट सदाफुली आणि पॅन्सी अंधारात चांगल्या उगवतात, त्यांना झाकावं लागतं. गोकर्णाचं बी टणक, त्याला खरखरीत कागदावर घासून रात्रभर पाण्यात ठेवावं लागतं. तेरड्याला काहीच करावं लागत नाही. आमच्या गौरी तेरड्याच्याच, आणि गौरी विसर्जन करून आलं की परसात, गटारीत, कुठंही पुढच्या वर्षी तेरडा हजर. रंग तीन दिवसांचा असला तरी बी फार चिवट.

खिडकीचा उजेडही पुरत नाही हे कळायला तिसरं वर्ष लागलं. आमची खिडकी बोळाकडं. समोरच्या घराची भिंत हाताच्या अंतरावर, त्यात श्रावणातलं आभाळ. उगवल्यापासून रोपाला चौदा ते सोळा तास उजेड हवा आणि तो जवळून हवा. म्हणून नवऱ्यानं जुन्या पाळण्याच्या साखळ्या काढून त्यांना एलईडीची पट्टी टांगली. रोप वाढेल तशी साखळी एक एक कडी वर घ्यायची, पट्टी रोपांपासून वीतभराच्या आतच. मुलाचा पाळणा होता तो. टायमरवर पहाटे पाचला पट्टी लागते. आमच्या घरात सगळ्यात आधी उठतो तो झेंडू, मग आत्ती.

२०२१ ची गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी आषाढी एकादशी २० जुलैला होती. एकीकडं भगर शिजत होती आणि दुसरीकडं मी झेंडूचे तीन ट्रे पेरत होते. दोन दिवसांत जो पाऊस लागला तो लागलाच. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती झालंय ते विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या वेळी पाणी ५६ फुटांच्या घरात गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, शहराचे पाणीउपसे पुराखाली, त्यामुळं सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही.

माझ्या नणंदेचं सासर प्रयाग चिखलीला. २०१९ च्या पुरात त्या लोकांनी घर सोडायला उशीर केला होता. या वेळी आधीच म्हशी घेऊन दाजी सोनतळीला गेले आणि वन्सं दोन मुलं, एक पत्र्याची पेटी आणि मिक्सर घेऊन आमच्याकडं आल्या. मिक्सर का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. माजघरात अंथरुणं पडली. माझे ट्रे जिन्यात गेले, एका पायरीवर एक. वीज आज आहे उद्या नाही. जिन्यात दिवसाही हात दिसत नव्हता. मी ट्रे विसरूनच गेले, खरं सांगते. टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या का झेंडूला पाणी घालायचं?

पाच-सहा दिवसांनी वन्सं जिन्यातून ओरडल्या, "वैनी, तुमचं तरू उगवलंय. पर पिवळं हाय वो, घटावानी."

जिन्यावरच्या पत्र्याची वळचण गळायची तिथं त्यांनी पातेलं लावलं होतं आणि त्या पाण्यातलं वाटीवाटी तीनही ट्रेंना घालत होत्या. मला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. घरात भिंतीएवढं पाणी शिरलेल्या बाईला दुसऱ्याच्या जिन्यात करायला तेवढंच काम सापडलं असेल. रोपं बघितली. पहिल्या वर्षीसारखीच, बोटभर लांब, दोऱ्यासारखी. मी ट्रे उचलून बाहेर ओतायला निघाले.

"ओततीस कुठं?" आत्ती माजघरातून. "लांबलंय न्हवं? मग खोल लाव. गळ्यापातूर. मुंडकं तेवढं वर ठेव."

पहिल्या वर्षी त्यांनी हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या, तू विचारलं न्हाईस. झेंडूच्या गाडलेल्या देठाला मुळं फुटतात हे खरं आहे. पाऊस ओसरल्यावर गोकुळच्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांना भोकं पाडून आम्ही दोघी नणंद-भावजया तिथंच पायरीवर बसलो आणि साठेक रोपं गळ्यापर्यंत गाडली. पेन्सिलनं भोक, त्यात देठ सोडायचा, बाजूनं माती सारायची. देठाला धरायचं नाही, पानाला धरायचं. पान तुटलं तर दुसरं येतं. देठ चेमटला तर संपलं. वन्सं बोलत होत्या. घरातला गाळ कसा काढायचा, धान्याची कणगी, मुलीची पुस्तकं. मी हूं हूं करत होते. निम्म्याहून अधिक रोपं जगली.

चिखलीला परतताना वीसेक पिशव्या त्या घेऊन गेल्या. मला वाटलं, मन मोडायला नको म्हणून. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता. आदल्या दिवशी भाचा मोटारसायकलवरून खताचं पोतं भरून झेंडू घेऊन आला. गाळात लावला होता. पुराचा गाळ, वन्सं फोनवर म्हणाल्या, घरातला काढताना शिव्या देत होतो आम्ही आणि दारातल्यानं ही फुलं दिली. माझ्या गच्चीवर त्या दिवशी सतरा फुलं होती. मोजली होती म्हणून आठवतंय.

त्या फुलांचं बी वन्संनी धरलं. तेव्हापासून दरवर्षी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी येते, वर भाच्याच्या अक्षरात 'चिखली झेंडू'. मूळचं बी संकरित, त्यामुळं पुढच्या पिढीत सारखेपणा राहत नाही. एखादं झाड गुडघ्याएवढं, एखादं कमरेएवढं. कुणाला गच्च गेंद, कुणाला एकेरी पाकळ्यांची चकती. बियाणांचे दुकानदार सांगतात, म्याडम, घरचं बी धरू नका, दरवर्षी नवं न्या. शेतकऱ्याला ते बरोबरच आहे, बाजारात माल एकसारखा लागतो. मी नवं पाकीटही आणते आणि पुडीही पेरते. मेक्सिकोतून निघालेला हा झेंडू आपल्या दसऱ्याच्या तोरणात इतका मुरला की परका आहे म्हणून सांगितलं तर आत्ती भांडतील. मी सांगितलेलं नाही.

नवरात्रात आमच्या माजघरात थोडी अडचण होते. झेंडू तोवर गच्चीवर गेलेला असतो, पण थंडीची फुलं, पेटुनिया, डायांथस, पॅन्सी, त्याच सुमाराला पेरायची असतात आणि घटही तिथंच बसतो, ट्रेपासून दीड हातावर. ज्या वर्षी पट्टी लावली त्या वर्षी तिसऱ्या माळेला आत्ती पूजेला बसल्या आणि त्यांनी मला हाक मारली ती साधी नव्हती. घटाची एक बाजू पिवळी होती आणि ट्रेच्या अंगाची बाजू हिरवीगार.

"देवीचं धान हिरवं केलंस!"

पट्टी बंद करावी तर माझा पेटुनिया लांबणार. घट हलवावा तर बसवलेला घट हलवत नाहीत. दुपारभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. संध्याकाळी आत्तींनीच पेटीतून एक जुना खण काढला, नारळीकाठाचा, कुणाच्या तरी ओटीतला, आणि नवऱ्याकडून दोन खिळे मारून तो मधे टांगून घेतला. तेव्हापासून दर घटस्थापनेला तो खण निघतो. पलीकडं समई, अलीकडं पट्टी.

गेल्या वर्षी मी पॅन्सीचं बी सर्वपित्रीच्या दोन दिवस आधीच पेरलं. पितर जेवून जाऊ देत, मग पेर, असं आत्ती म्हणत होत्या, पण पाकीट जुनं होतं आणि मला धीर नव्हता. पॅन्सीला उगवेपर्यंत अंधार लागतो. झाकायला कागद शोधत होते तर त्या म्हणाल्या, कागद कशाला, माझ्याकडं ठेव. म्हणून तो ट्रे खणाच्या पलीकडं, घटाशेजारी गेला. रोज माळ चढवताना त्या आधी घटाला पाणी शिंपडायच्या आणि मग बोटं ट्रेवर झटकायच्या. गुडघ्यांमुळं त्यांना आता खाली बसायला भिंत लागते आणि उठायला मी. मोतीबिंदू काढल्यापासून मात्र नजर माझ्यापेक्षा बरी.

सातव्या माळेच्या रात्री अकराच्या पुढं मी झोपेत होते. माजघरातून हाक आली. गेले तर त्या समईसमोर भिंतीला टेकून बसलेल्या, चष्मा कपाळावर.

"उगवलंय बघ. वाकून बघ. तीन हायत. त्या अंगाला घे लौकर, न्हाईतर पिवळं हुतंय."

मी खण एका हातानं बाजूला धरला आणि ट्रे अलीकडं ओढला. पट्टी टायमरनं रात्री नऊलाच बंद झाली होती. पाच वाजायला अजून वेळ होता.